तबकडीची आंघोळ आणि टाकीची निगा

तुमच्या घरी माळ्यावर किंवा आजोबांच्या कपाटात काळ्या, चकचकीत, ताटाएवढ्या ध्वनिमुद्रिका असतील, तर त्यांपैकी एक काढा. तिच्या पृष्ठभागाला बोट लावू नका. दोन्ही तळहातांनी फक्त कड धरा आणि उजेडात ती तिरपी करून पाहा. वर्तुळाकार रेषा दिसतील. त्या अनेक वर्तुळांच्या नाहीत. बाहेरून आत वळत जाणारी ती एकच खाच आहे. तिची लांबी किती असेल? एका बाजूला वीस मिनिटांचे गाणे असेल आणि तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेत असेल, तर एकूण फेरे सुमारे ६६७ होतात. खाचेची सरासरी त्रिज्या १० सेंमी धरली तर एका फेऱ्याचा परीघ ६३ सेंमी. गुणाकार करा: ४२० मीटर! आणि एवढ्या लांब रस्त्याची वरच्या तोंडाशी रुंदी किती, तर सुमारे ५० मायक्रोमीटर, म्हणजे एखाद्या बारीक केसाएवढी.

या रस्त्यावरून सुई धावते. खाचेच्या दोन्ही भिंतींना जी नागमोडी वळणे असतात, ती म्हणजेच गाणे. आता त्या रस्त्यात १० मायक्रोमीटरचा धुळीचा कण पडला तर आपल्या दृष्टीने तो दिसतही नाही, पण सुईच्या दृष्टीने तो वाटेतला धोंडा असतो. कानाला ‘टक्’ असे ऐकू येते. असे शेकडो कण असले, की चुलीतल्या ओल्या लाकडासारखी तडतड सुरू होते. कुंचला किंवा मऊ फडके वरची धूळ काढते, पण खाचेच्या तळाशी वर्षानुवर्षे तेलकट थरात चिकटून बसलेला कण फडक्याला हाती लागत नाही. उलट फडके कित्येकदा त्याला आणखी आत दडपते.

हे काम श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने करणारी यंत्रे आता मिळतात. त्यांविषयी विद्यार्थी नेहमी विचारतात ते ‘ते कसे चालते?’ एवढेच. मला आज त्यापुढच्या प्रश्नाविषयी लिहावयाचे आहे: ते नीट चालत राहावे म्हणून काय करावे लागते? कारण असे, की माझ्या घरी असे एक यंत्र आहे आणि त्याच्या निगेत मी दोन चुका केल्या. एकीत माझी स्वतःची मुद्रिका गेली. दुसरीत दुसऱ्याच्या मुद्रिका जवळजवळ खराब ठरवून बाजूला टाकल्या होत्या.

प्रथम तत्त्व थोडक्यात पाहू. स्टेनलेस स्टीलच्या टाकीच्या तळाला बाहेरून काही जाड चकत्या चिकटवलेल्या असतात. त्यांत दाबविद्युत् गुणधर्माचा चिनी मातीसारखा पदार्थ असतो. काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युत्भार निर्माण होतो, हे प्येर आणि झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवले. याच्या उलट, विद्युत्दाब दिला की स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो. पोलादाच्या दोन तुकड्यांमध्ये असे स्फटिक बसवून पाण्यात श्राव्यातीत ध्वनी सोडण्याची युक्ती लांजव्हॅं या फ्रेंच शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी केली. आपल्या टाकीखालच्या चकत्या त्याच घराण्यातील आहेत. त्या सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा थरथरतात. माणसाच्या कानाची वरची मर्यादा २०,००० च्या आसपास असते.

मग यंत्र चालू असताना ‘सुंऽऽ’ असा कर्कश आवाज येतो तो कशाचा? हा प्रश्न माझ्या वर्गात दर वर्षी येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. तो आवाज ४० किलोहर्ट्झचा नव्हे. पाण्यातील बुडबुड्यांचा आहे. ध्वनितरंगाच्या विरलनाच्या क्षणी पाण्यावरील दाब इतका उतरतो, की पाणी ठिकठिकाणी जणू फाटते आणि सूक्ष्म बुडबुडे जन्मतात; संपीडनाच्या क्षणी ते चिरडले जातात. या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात. बुडबुडा मिटताना आत किती प्रचंड दाब निर्माण होतो, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले. तेव्हा प्रश्न जहाजांच्या पंख्यांवर पडणाऱ्या खड्ड्यांचा होता. जहाजाच्या पंख्याला खाणारी हीच शक्ती लहान मात्रेत वापरली, की ती मळ उखडते. बुडबुडा एखाद्या पृष्ठभागाजवळ मिटला तर त्या पृष्ठभागाच्या रोखाने पाण्याची बारीक, वेगवान धार सुटते. हे असंख्य बुडबुडे म्हणजे असंख्य कुंचले होत. कंप्रता जितकी जास्त तितके बुडबुडे लहान: ४० किलोहर्ट्झला अनुस्पंदन पावणाऱ्या बुडबुड्याची त्रिज्या सुमारे ८० मायक्रोमीटर, तर १२० किलोहर्ट्झला सुमारे २७. एस्टोनियात बनणारे डिग्रिटर हे यंत्र १२० किलोहर्ट्झवर चालते ते याच विचाराने. माझे यंत्र मात्र साधे, सहा लिटरांचे, १८० वॅटचे आणि ४० किलोहर्ट्झचे आहे. टाकीच्या वर एक आडवा दांडा आहे, त्यात तबकडी अडकवतात. लहान मोटर ती तीन मिनिटांत एक फेरा अशा मंद गतीने फिरवते. तबकडीचा खालचा भाग पाण्यात असतो आणि मधले कागदी लेबल पाण्याच्या वर राहते. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिच्याशी काम आहे.

पाणी कोणते?

नळाचे नको. का, ते मोजून पाहू. समजा, नळाच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार आहेत. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात इतके सहज असतात. धुतलेल्या तबकडीवर २ घन सेंमी पाणी राहिले आणि तिथेच वाळले, तर मागे १ मिलिग्रॅम क्षार उरतात. ते खडूसारखे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे मानले तर घनता २.७, म्हणून आकारमान सुमारे ०.३७ घन मिलिमीटर. याचे १० मायक्रोमीटर बाजूचे घन केले तर किती होतील? ३,७०,०००. एवढे धोंडे आपण स्वतःच्या हाताने रस्त्यात टाकले! म्हणून ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे.

पण शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मोठा, मीटरला ०.०७२ न्यूटन. ते प्लॅस्टिकवर पसरण्याऐवजी थेंब धरून बसते आणि अरुंद खाचेत उतरायला कुरकुरते. छायाचित्रे धुणारे लोक शेवटच्या पाण्यात जो ओलावा धरणारा द्राव घालतात, त्याचे काही थेंब लिटरभर पाण्यात टाकले की हा ताण निम्म्यावर येतो. जास्त घातला तर फेस होतो आणि त्याचाच थर खाचेत राहतो. काही जण पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळतात. मला ते पसंत नाही. त्याची वाफ पेट घेते, आणि खाली विजेचे यंत्र व वर तापणारे उघडे पाणी, अशा जागी ते नसलेले बरे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या, जड, ठिसूळ तबकड्या प्लॅस्टिकच्या नसून त्यांत लाख असते. सुतार लाखेचे पॉलिश कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये! लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावणे म्हणजे गाणेच विरघळवणे होय.

टाकीत ताजे पाणी ओतल्याबरोबर तबकडी घालू नये. पाण्यात हवा विरघळलेली असते. मासे तिच्यावरच जगतात. ही हवा बुडबुड्यांत शिरते आणि मिटताना उशीसारखी आड येते. ठोसा मऊ पडतो. म्हणून यंत्र दहा मिनिटे रिकामे, म्हणजे तबकडीवाचून चालवावे. पाण्यातून हवेचे लहान बुडबुडे वर येताना दिसतात. मग ते कमी होतात आणि यंत्राचा आवाज बदलतो. सरावाने तो कानाला कळतो. मात्र पाण्यावाचून यंत्र क्षणभरही चालवू नये. चकत्यांची ऊर्जा पाण्यात जायची असते. पाणी नसेल तर ती चकत्यांतच उष्णता होऊन राहते आणि त्यांना तळाशी धरणारा चिकटा सुटतो.

उष्णतेचाच विषय निघाला आहे, तर माझी पहिली चूक सांगून टाकतो. १८० वॅट म्हणजे सेकंदाला १८० ज्यूल. ही सारी ऊर्जा अखेर पाण्यात उष्णता होऊन उतरते असे धरले, तर सहा लिटर पाण्याचे तापमान मिनिटाला सुमारे ०.४३ अंशाने चढते; अर्ध्या तासात तेरा अंश. उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी मुळातच ३२-३३ अंशांचे. ध्वनिमुद्रिकेचे प्लॅस्टिक पुष्कळ खालच्या तापमानाला मऊ पडू लागते. त्यातून माझ्या टाकीला तापकही आहे आणि त्याचे बटण आदल्या दिवशी चश्म्याची काच धुताना मी ६० वर ठेवले होते. ते तसेच राहिले. पंधरा मिनिटांनी मी तबकडी उचलली तेव्हा ती भाजलेल्या पापडासारखी लहरली होती. तेव्हापासून मी तापकाचे बटण शून्यावर ठेवून त्यावर चिकटपट्टी लावली आहे आणि पाण्यात तापमापक टांगतो. ३५ अंश झाले की यंत्र बंद, मग कितीही तबकड्या उरलेल्या असोत.

गाळणीचे कोडे

दुसरी चूक अधिक शिकवून गेली. आमच्या गल्लीत एक निवृत्त संगीत शिक्षिका राहतात. सारी गल्ली त्यांना बाई म्हणते. त्यांनी आपल्या चाळीसेक मुद्रिका माझ्याकडे धुवायला दिल्या. त्यांतील काहींचे गायन पुढे कॅसेटवर किंवा सीडीवर आलेच नाही. ती तबकडी गेली की ते गाणे गेले.

त्याच सुमारास मी टाकीला गाळणी जोडली होती. गाळणी का लागते? धुतलेला मळ पाण्यातच असतो. तो आपोआप तळाशी बसेल असे वाटते, पण स्टोक्सचा नियम लावून पाहा. मातीचा १० मायक्रोमीटरचा कण १३ सेंमी खोल पाण्यात खाली बसायला सुमारे २५ मिनिटे घेतो. १ मायक्रोमीटरचा कण शंभरपट वेळ घेतो, म्हणजे ४१ तास! तोवर पुढची तबकडी त्याच गढूळ पाण्यात फिरणार. जो भरड मळ तळाशी बसतो, तो पोलादावर थरथरत राहून तळ घासतो. म्हणून लहान पंप आणि १ मायक्रोमीटरची गाळणी. पंप मी दोन तबकड्यांच्या मधल्या वेळात चालवतो. ऐन धुण्याच्या वेळी प्रवाहाबरोबर पाण्यात हवा शिरते.

गाळणी जोडल्यावर पहिल्या दहा मुद्रिका बाईंना नेऊन दिल्या. दोन दिवसांनी त्यांनी बोलावले. “अरे, विलंबित अगदी स्वच्छ ऐकू येतंय. पण द्रुत सुरू झालं की पुन्हा तडतड. शेवटची पाच मिनिटं तर ऐकवत नाहीत.”

मला वाटले, हा आतल्या खाचांचा स्वभावच आहे. तबकडी एकाच गतीने फिरते, त्यामुळे सुईखालून खाच सरकण्याचा वेग बाहेर सेकंदाला ५१ सेंमी, तर आत फक्त २१ सेंमी असतो. तेवढ्याच सेकंदाचे गाणे आत कमी जागेत कोंबावे लागते आणि आवाज थोडा बिघडतो. पण त्याने आवाज फाटल्यासारखा होतो. तडतड होत नाही. मग मी त्या मुद्रिका झिजल्या आहेत असे ठरवले. मग गाळणीवर संशय घेतला. पाणी बदलले. अखेर चकत्यांपैकी एखादी निकामी झाली असेल म्हणून वर्खाची परीक्षा घेतली.

ही परीक्षा तुमच्या शाळेतही करता येईल. चष्म्याच्या किंवा सोनाराच्या दुकानातील लहान टाकीवर मालकाची परवानगी काढूनही चालेल. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या वर्खाची पट्टी ताठ धरून पाण्यात उभी सोडावी, तळाला टेकू देऊ नये, आणि यंत्र अर्धा मिनिट चालवावे. हात पाण्यात घालू नये; वर्ख चिमट्याने किंवा पट्टीने धरावा. बाहेर काढून उजेडासमोर धरला की बारीक खड्डे आणि भोके दिसतात, आणि गंमत अशी की ती आडव्या ओळींत असतात. तळ आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्यामध्ये स्थिर तरंग तयार होतो. जिथे दाबाचे प्रस्पंद, तिथे बुडबुड्यांचा मारा. जिथे निस्पंद, तिथे वर्ख कोरा. लगतच्या दोन ओळींतील अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. माझ्या पट्टीवर पहिल्यापासून पाचव्या ओळीपर्यंत ७.३ सेंमी भरले, म्हणून तरंगलांबी ३.६५ सेंमी, तिला ४०,००० ने गुणले तर ध्वनीचा पाण्यातील वेग सेकंदाला १,४६० मीटर. पुस्तकात त्या तापमानाला सुमारे १,५०० आहे. ओळी जाड असतात, आणि यंत्रावर ४०,००० असे लिहिले म्हणजे तेवढीच कंप्रता असते असे नाही. हे लक्षात घेता चूक तीन टक्क्यांच्या आत आहे, ती मला मान्य आहे. (वर्खाचे कण पाण्यात राहतात, म्हणून ही परीक्षा नेहमी पाणी बदलण्याच्या आधी करावी आणि नंतर टाकी विसळावी.) टाकीच्या सर्व भागांत वर्ख सारखाच खाल्ला गेला होता. चकत्या ठणठणीत होत्या.

कोडे सोडवले अकरावीतल्या एका मुलाने. तो माझ्याकडे शंका विचारायला आला होता आणि तबकडी फिरताना पाहत बसला होता. तो म्हणाला, “सर, लेबलाभोवती एवढं कोरडं कसं?” त्याने कंपासपेटीतली पट्टी काढली. लेबलाच्या कडेपासून पाण्याच्या रेषेपर्यंत एक सेंटिमीटर भरले. मी ते अर्धा सेंटिमीटर ठेवतो.

आता भूमितीकडे वळू. लेबलाची त्रिज्या ५ सेंमी. दांड्यापासून पाण्याची पातळी ५.५ सेंमी खाली असेल, तर r त्रिज्येच्या खाचेवरील एखादा बिंदू फेऱ्यापैकी किती काळ पाण्यात राहील? वर्तुळाचा जो कंस पाण्याखाली असतो, त्याच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाच्या निम्म्याची कोज्या म्हणजे ५.५ भागिले r. सर्वांत बाहेरच्या खाचेसाठी r = १४.६, निम्मा कोन ६८ अंश, पुरा १३६, म्हणजे फेऱ्याचा ३८ टक्के काळ. सर्वांत आतल्या खाचेसाठी r = ६; निम्मा कोन २३.६ अंश, पुरा ४७, म्हणजे १३ टक्के. बारा मिनिटांच्या आंघोळीत बाहेरच्या खाचेला साडेचार मिनिटे मिळतात आणि आतल्या खाचेला दीड! हे झाले पातळी बरोबर असताना. पातळी फक्त ३ मिलिमीटर उतरली तर आतला वाटा ८ टक्क्यांवर येतो. ५ मिलिमीटर उतरली तर r = ६ च्या खाचेला पाणी जेमतेम शिवते, तिचा वाटा शून्य. बाहेरच्या खाचेच्या वाट्यात मात्र दोन-तीन टक्क्यांचाच फरक पडतो. म्हणून विलंबित स्वच्छ आणि द्रुत मळके!

पाणी गेले कुठे? माझ्या टाकीचे तोंड ३० × १५ सेंमी आहे. ५ मिलिमीटर पातळी म्हणजे २२५ घन सेंमी, एक पेलाभर पाणी. मी दर वेळी खुणेपर्यंत पाणी भरत होतो आणि मग पंप सुरू करत होतो. गाळणीचे भांडे आणि नळी आधी रिकामी असत; ती भरायला एवढेच पाणी लागत होते. गाळणी निर्दोष होती. तिने फक्त आपला पेला भरून घेतला होता.

आता मी पंप आधी चालवतो, मग खुणेपर्यंत पाणी पुन्हा भरतो, आणि दर तीन तबकड्यांनंतर पट्टी लावतो. प्रत्येक तबकडी थोडे पाणी अंगावर घेऊन जाते आणि थोडे वाफ होते. आतल्या खाचांसाठी वेळही वाढवून पंधरा मिनिटे केला आहे.

बाकीची निगा सोपी आहे, पण रोजची आहे. काम संपले की यंत्राची पिन काढून मगच टाकी रिकामी करावी आणि फडक्याने कोरडी करावी. साचलेल्या पाण्यात चार दिवसांत तळाला बुळबुळीत थर धरतो. गाळणीतून पाणी किती वेगाने येते ते पाहावे. लिटरभर पाण्याला नवी असताना लागे त्याच्या दुप्पट वेळ लागू लागला, की ती बदलावी. दांड्यावरील रबरी कडी लेबलापर्यंत पाणी येऊ न देण्यासाठी असतात. ती कडक होऊन चिरतात, म्हणून वर्षातून एकदा बोटाने दाबून पाहावीत. खालचे झाकण मात्र उघडू नये. आत कित्येकशे व्होल्टचा दाब असतो, आणि पाण्याचे यंत्र असल्याने भूयोजन केलेल्या, तीन पिनांच्या प्लगशिवाय ते लावूच नये. वर्खावर एखाद्या चकतीच्या वरचा भाग कोरा राहू लागला, तर ते काम जाणकार कारागिराचे.

बाईंच्या त्या दहा मुद्रिका मी परत आणून धुतल्या. सात स्वच्छ झाल्या. दोनांची तडतड कमी झाली. एक खरोखरच झिजलेली निघाली. सुईने भिंत खरवडली असेल तर पाणी काय करणार? उरलेल्या तीस सध्या माझ्या टेबलावर आहेत, आणि उन्हाळा असल्याने दिवसाला पाचांहून अधिक होत नाहीत.